स्वमग्न मुलांचे पालक आणि आपण

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा रोग नव्हे. ते मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण आहे. दीड-दोन वर्षांचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, एकच कृती पुन्हा पुन्हा करीत राहते, ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. अशा मुलांच्या शिक्षणाविषयी आता थोडेफार बोलले जाते. मात्र त्यांना अहोरात्र सांभाळणाऱ्या आईवडिलांना कोणता आधार हवा असतो, हे सहसा कोणी विचारीत नाही.

त्यांची पहिली गरज दोषमुक्तीची आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत या अवस्थेचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतरची अनेक वर्षे आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, हा समज पाश्चात्त्य वैद्यकात प्रबळ होता. स्वतः स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून त्याचे खंडन केले.

आपल्याकडे हाच आरोप निराळ्या शब्दांत होतो. आईने ग्रहण पाळले नाही, हातात मोबाईल दिला, नाहीतर हे मागील जन्मीचे पाप! निदान बौद्ध समाजात तरी या शेवटच्या आरोपाला थारा असू नये. प्रत्येक वेदना हे पूर्वकर्माचेच फळ होय, हे मत भगवान बुद्धांनी संयुत्त निकायातील मोळियसीवक सुत्तात नाकारले असून पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी अन्य कारणे सांगितली आहेत. जे दुःख कोणाच्या अपराधातून आलेले नाही, त्यासाठी मातेला आरोपी करणे धम्माला धरून नाही.

दुसरी गरज वेळेवर मिळणाऱ्या खऱ्या माहितीची. ‘मामाही उशिराच बोलू लागला होता’ या धीराच्या शब्दांत मोलाची वर्षे निघून जातात. स्वमग्नता समूळ घालविणारे औषध नाही. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरातील नित्य सराव यांनी मूल हळूहळू स्वावलंबी होते. परंतु हे उपचार बहुधा शहरांत असतात. गावातील पालकांना त्यासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे, दोन्ही मोजावे लागते.

तिसरी गरज विसाव्याची. काही मुले रात्री नीट झोपत नाहीत, काहींना मोठा आवाज सहन होत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपक सुरू होताच मूल कान झाकून आक्रोश करते, लोक वळून पाहतात, आणि पुढच्या वर्षी ती माता घराबाहेरच पडत नाही. नोकरी सुटते, नातलगांकडे जाणे थांबते. भावंडांच्या वाट्याला येणारा वेळही आटतो.

चौथी चिंता सर्वांत खोल आहे: आमच्यानंतर याचे कोण? कायद्याने काही आधार दिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. मात्र त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि त्याकरिता घालावे लागणारे हेलपाटे थकलेल्या पालकांना झेपत नाहीत.

येथेच समाजाचे काम सुरू होते. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि संघाला समजाविले, की येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांना सांभाळले पाहिजे. वसतिगृहात वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, वकील आणि कारकून आहेत. कोणी प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्यावा, कोणी रुग्णालयापर्यंत सोबत करावी. मुलाची ओळख झाल्यावर कोणी आठवड्यातून दोन तास त्याच्यापाशी बसावे, म्हणजे आईला निवांत झोप मिळेल. विहारात वंदनेच्या वेळी एखादे मूल मध्येच उठून धावू लागले, तर कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. त्या पालकांना पुढच्या रविवारी पुन्हा यावेसे वाटले पाहिजे. करुणेची परीक्षा अशाच ठिकाणी होते.