तिळा तिळा, पीसी उघड!

बँकेच्या काउंटरवर मॉनिटर दिसतो, कीबोर्ड दिसतो, माऊसही दिसतो. मग कम्प्युटर कुठाय? जरा वाकून मॉनिटरच्या मागे डोकावा. पाठीला चिकटून बसलेला तो चपटा डबा, तोच आजचा हीरो!

माहीत आहे का, या पिटुकल्याचं टोपणनाव आहे ‘वन लिटर पीसी’? लांबी-रुंदी साधारण १८-१८ सेंटिमीटर, जाडी साडेतीन. करा गुणाकार! ११३४ घन सेंटिमीटर, म्हणजे लिटरभर आणि वर एक मोठा घोट. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी, सगळी याच मापाची भावंडं. ऑफिसं दर काही वर्षांनी ती बदलतात आणि मग ही मंडळी सेकंडहँड बाजारात स्वस्तात येतात. उघडून बघायला शिकायचं तर याच्यासारखा गुरू नाही!

प्लग काढलात? आता पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. वीज तोडली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज शिल्लक असतो, तो असा निघून जातो. मगच झाकणाला हात!

आणि हो, तुमच्या हातावरही चार्ज साठलेला असतो बरं का. दाराच्या कडीला हात लावल्यावर जो चटका बसतो ना, तो आपल्याला जाणवेपर्यंत साधारण ३००० व्होल्टपर्यंत गेलेला असतो. काही चिप्सना मात्र १०० व्होल्टही पुरतात! म्हणजे तुम्हाला कळलंही नाही आणि चिपचा खेळ खल्लास. मुंबईच्या दमट पावसाळ्यात हा चार्ज फारसा साठत नाही, पण विदर्भाच्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून रॅमला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आधी एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श, मग काम.

आता पाठीमागचा स्क्रू. बहुतेक वन लिटर पीसींना झाकणाला एकच स्क्रू असतो. फिरवा, झाकण सरकवा, झालं!

अ‍ॅपलवाल्यांचं काम इतकं सोपं नव्हतं. माहीत आहे का, २००५ साली आलेला पहिला मॅक मिनी उघडायला एकही स्क्रू नव्हता? रंगारी भिंतीला लांबी भरायला वापरतात ती पातळ पट्टी केसच्या फटीत घालून खटकन उचकटायची. हा काही गल्लीतला जुगाड नव्हे, खुद्द अ‍ॅपलचे सर्व्हिस टेक्निशियन हेच करायचे! २०१० च्या मॉडेलमध्ये तळाची गोल चकती दोन अंगठ्यांनी फिरवली की रॅम समोर. पुढे २०१४ मध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर झाली. दार उघडलं, पण बदलायला काही उरलंच नाही!

सगळ्यात दिलखेचक मात्र २००० सालचा पॉवर मॅक जी-४ क्यूब. उलटा करायचा, तळाचं हँडल दाबायचं, ते वर उसळतं, धरून ओढलं की अख्खा कम्प्युटर सर्रकन बाहेर! वर्षभरातच बाजारातून गेला, पण न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात जाऊन बसला.

आणि १९८४ चा पहिला मॅकिन्टॉश? त्याच्या केसच्या आतल्या बाजूला तो घडवणाऱ्या टीमच्या सह्या आहेत, साच्यातच कोरलेल्या! सह्यांची पार्टी झाली १० फेब्रुवारी १९८२ ला. केस उघडायला लांब दांड्याचा टॉर्क्स ड्रायव्हर लागायचा, म्हणजे या सह्या दिसणार फक्त आत शिरणाऱ्याला. मला विचाराल तर ऑटोग्राफ देण्याची याहून झकास जागा नाही.

चला, परत आपल्या डब्याकडे. पहिलं काम काय? फोटो काढा! कुठली वायर कुठे होती, हे मोबाइल विसरत नाही. पण थांबा. माहीत आहे का, एक कम्प्युटर फोटो काढला की चक्क बंद पडायचा? २०१५ मध्ये आलेला रास्पबेरी पाय-२! झेनॉन फ्लॅशचा लखलखाट पडला की गपकन बंद. पॉवर सांभाळणारी एक चिमुकली चिप उघडी होती, आणि सिलिकॉनवर जोरदार उजेड पडला की त्यात करंट तयार होतो. उपाय? त्या चिपवर चिकटमातीचा ठिपका! (मोबाइलच्या एलईडी फ्लॅशने काही होत नव्हतं, खुशाल क्लिक करा.)

आता नंबर वाचायची गंमत. बोर्डावरचा चंदेरी सेल घ्या, सीआर २०३२. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर! एसएसडीवर २२८० लिहिलंय? रुंदी २२, लांबी ८० मिलिमीटर. आणि इंटेलचं एलजीए ११५१ सॉकेट? त्यात बरोबर ११५१ टोकं!

त्या सेलला हलक्यात घेऊ नका. तो संपला की कम्प्युटरची तारीख अनेक वर्षं मागे जाते, आणि मग वेबसाइट्स म्हणतात ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. कारण त्यांची सर्टिफिकेट्स त्या जुन्या तारखेला जन्मलेलीच नसतात! इंटरनेटवाल्याला फोन लावण्याआधी घड्याळ बघा.

पंखा आणि हीटसिंक काढताना घाई नको. खालची थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं वाळून घट्ट झालेली असते. उघडण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करून घ्या, मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. ही पेस्ट खरं तर गोंद नव्हेच. धातूचे दोन सपाट दिसणारे पृष्ठभागही बारकाईने पाहिले तर खडबडीत असतात, त्या खाचांतली हवा उष्णता अडवते, म्हणून तिथे पेस्ट भरायची. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटाराएवढी पुरे. आणि धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोतात पंखा त्याच्या कुवतीपेक्षा जोरात गरगरतो.

प्रोसेसर दिसला? मग एक पुणेरी बातमी! पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. १९९३ च्या त्या चिपमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते.

मागचा यूएसबी पोर्टही आपल्याच ओळखीतला. तो घडवणाऱ्या इंटेलच्या टीममधले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. प्लग कायम उलटाच का लागतो? दोन्हीकडून बसणारा केला असता तर वायरी दुप्पट आणि खर्चही दुप्पट, असा त्यांचा हिशेब होता!

वायफाय कार्डावरच्या दोन केसाएवढ्या वायरींना मात्र जपा. माहीत आहे का, त्यांचा तो इवलासा यू.एफएल कनेक्टर जेमतेम ३० वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेला असतो? उगाच चाळा नको!

जोडणीची वेळ झाली. इथे खरा व्हिलन म्हणजे स्क्रू. साडेतीन इंची हार्ड डिस्कचा स्क्रू जाड आट्यांचा, अडीच इंचीचा बारीक आट्यांचा. दिसायला जुळे, पण एकाच्या भोकात दुसरा पिळलात की आटे गेलेच समजा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा.

रॅमचं मात्र तसं नाही, ती चुकूच देत नाही. तिची खाच मुद्दाम मध्यापासून सरकवलेली असते, उलटी बसतच नाही. तिरकी घाला, सोनेरी टोकं आत गेली की खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्-टक् करतात. एकच ‘टक्’ आला? काढा, पुन्हा घाला.

आता बटण दाबा. स्क्रीन काळी? घाबरू नका! डीडीआर-५ रॅम नवी घातली की बोर्ड आधी तिच्याशी जुळवून घेतो, याला म्हणतात मेमरी ट्रेनिंग. पहिल्या वेळी त्याला काही मिनिटंही लागतात, आणि नेमके तेवढ्यातच लोक घाबरून प्लग उपटतात. पंखा फिरतोय ना? मग चहा टाका. लोगो उमटला की थेट बायोसमध्ये जा आणि मेमरीचा आकडा बघा. नव्या रॅमने आठ जीबीचे सोळा झाले? लावा झाकण!