विश्लेषण : नेटवर्क-सुरक्षेची पदवी घेतली, पण नागपुरात काम मिळेल का?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या यादीत ‘संगणक’ शाखेच्या जोडीला आता ‘सायबर सुरक्षा’ हे नावही दिसते. नागपूरच्या रामदेवबाबा विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. चार वर्षांचे शुल्क भरणाऱ्या पालकांना मात्र दोनच प्रश्न पडतात. पदवीनंतर नेमके काम काय? आणि त्यासाठी पुणे-बंगळूरु गाठावेच लागेल का?

मागणी का वाढली?

मुख्य कारण नियमांची सक्ती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि संगणक यंत्रणांतील नोंदी (लॉग) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या अटी पाळायच्या तर जाणकार माणसे लागतातच.

नागपुरात काम कुठे?

मिहानमधील टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्यापलीकडे सहकारी बँका आणि रुग्णालये आहेत. कोराडी, खापरखेडा, मौदा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कारखान्यातील नियंत्रण यंत्रणा मनात येईल तेव्हा बंद करून दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे तिच्या सुरक्षेचे कौशल्य वेगळे असते. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या स्फोटके बनवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. उद्योगांनाही धोका किती जवळ आहे, हे त्यातून दिसले.

पहिली नोकरी कशी असते?

चित्रपटातील हॅकरसारखी नक्कीच नाही. अनेकांची सुरुवात सुरक्षा नियंत्रण कक्षात, म्हणजे ‘एसओसी’त, पाळीच्या कामाने होते. पडद्यावर येणाऱ्या इशाऱ्यांतून खरा धोका वेगळा काढायचा आणि वरिष्ठांना कळवायचा. रात्रपाळी ठरलेलीच. पुढे फायरवॉल व्यवस्थापन, परवानगीने यंत्रणेतील फटी शोधणे, डिजिटल न्यायवैद्यक, लेखापरीक्षण, क्लाउड सुरक्षा अशा वाटा फुटतात. इशारे चाळण्याचे प्राथमिक काम आता कृत्रिम बुद्धिमत्ताही करू लागली आहे. त्यामुळे केवळ साधने हाताळणाऱ्यापेक्षा नेटवर्क मुळापासून समजलेला उमेदवार टिकेल.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

महाविद्यालयात खरे राउटर, स्विच आणि फायरवॉल हाताळायला मिळतात का, हे आधी विचारावे. सरकारी भरतीच्या जाहिरातींत पात्र शाखांची नावे दिलेली असतात. आपल्या पदवीचे नाव त्यांत बसते का, तेही तपासावे. लिनक्स, पायथन आणि सीसीएनए दर्जाचे नेटवर्किंग पक्के झाल्याशिवाय महागड्या प्रमाणपत्रांवर खर्च करू नये. सराव स्वतःच्या संगणकावरच करावा. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेत गैरहेतूने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार गुन्हा असून, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांत नोंद असलेल्या उमेदवाराला या क्षेत्रात नोकरी मिळणे अवघड असते, कारण येथे कामावर घेण्यापूर्वी पार्श्वभूमी तपासली जाते.