घरचा संगणक (भाग ६) : रॅमचा दुसरा स्लॉट

“आय५ आहे, आठ जीबी रॅम आहे, पाचशे बाराची एसएसडी आहे. डोळे झाकून घ्या!” दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानापर्यंत, लॅपटॉप घ्यायला आलेल्या आईवडिलांच्या कानावर हे बोलणं पडतंच. त्यात खोटं काही नसतं. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. चाळीस हजारांच्या आसपासच्या लॅपटॉपवर मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळचा तासभर खेळ दोन्ही नीट चालणार का, हे बहुतेक वेळा त्याच गोष्टीवर ठरतं : ती आठ जीबी रॅम आत बसवली कशी आहे?

टॅबलेट घ्यावा की लॅपटॉप, याचा विचार मागच्या भागात झाला. आता लॅपटॉपच घ्यायचा असं ठरलेल्या घरांसाठी पुढचं पाऊल.

या किमतीच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. पडद्यावरचं चित्र रंगवण्याचं काम प्रोसेसरमध्येच असलेला एक भाग करतो. त्या भागाकडे स्वतःची मेमरी नसते, तो लॅपटॉपच्या रॅममधूनच हिस्सा घेतो. वर्डमध्ये निबंध लिहिताना किंवा पीडीएफ वाचताना याने काही बिघडत नाही. खेळात मात्र सेकंदाला तीस-साठ वेळा अख्खं चित्र नव्याने तयार करावं लागतं आणि त्यासाठी लागणारी सगळी माहिती रॅममधून सतत ओढावी लागते. तिथे रॅम किती आहे याच्या जोडीला ती किती वेगाने माहिती पुरवते, हेही महत्त्वाचं ठरतं.

डीडीआर४-३२०० जातीच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते. तशाच दोन स्टिक बसवल्या की ५१.२ जीबी. टाकी एका नळाने भरायची की दोन नळांनी, एवढाच हा फरक आहे. प्रोसेसर तोच, कंपनी तीच, तरी एका स्टिकवर अडखळणारा खेळ दोन स्टिकवर सुरळीत चालू लागतो. इंटेलने तर हे नावातच मान्य केलं आहे. आय५-१२३५यू या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नाव ‘आयरिस एक्सई’. पण रॅमची एकच स्टिक असेल, तर तोच लॅपटॉप विंडोजमध्ये स्वतःच्या ग्राफिक्सचं नाव साधं ‘यूएचडी’ असं दाखवतो. खोक्यावर आयरिस छापलेलं पाहून घेतलेल्या अनेक घरांत प्रत्यक्षात यूएचडीच चालू असतं, आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो.

हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. दुकानातल्या चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी असतात, त्या वाचायच्या. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे ‘१ ऑफ २’ असेल, तर एक जागा मोकळी आहे : आज नाही तर दिवाळीत दुसरी स्टिक टाकता येईल. ‘२ ऑफ २’ असेल आणि एकूण रॅम आठच जीबी असेल, तर आत चार-चारच्या दोन स्टिक आहेत. वेग ठीक, पण वाढवताना निदान एक काढून टाकावी लागेल. दुसरी ओळ ‘फॉर्म फॅक्टर’ची. तिथे ‘एसओडिम’ लिहिलं असेल, तर स्टिक निघते-बसते. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल, तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे. अशा वेळी स्लॉटच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. काही मॉडेलांत थोडी रॅम सोल्डर केलेली आणि शेजारी एक मोकळा स्लॉट, अशीही रचना असते. ती चांगली, फक्त कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचं पान उघडून खात्री करून घ्यावी. एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळे लॅपटॉप विकले जातात, म्हणून खालच्या बाजूच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लागतो.

आता प्रोसेसरच्या नावाकडे. इथे फसगत जास्त होते.

‘आय३’ म्हणून दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. एकात आय३-१२१५यू, दुसऱ्यात आय३-एन३०५. पहिल्यात दोन दमदार आणि चार छोटे असे सहा कोअर आहेत, ग्राफिक्सचे ६४ गणक घटक आहेत, आणि रॅमच्या दोन स्टिक तो एकत्र वापरू शकतो. दुसऱ्यात कोअर आठ, म्हणजे आकडा मोठा. पण आठही छोटे, ग्राफिक्सचे घटक ३२, आणि तो रॅमचा एकच मार्ग वापरू शकतो. दुसरा नळ बसवायची सोयच तिथे नाही. ऑनलाइन वर्ग, ब्राउझर, टायपिंग यांना एन३०५ पुरेसा आहे. खेळ हवा असेल, तर १२१५यू उजवा. एक अक्षर लक्षात ठेवलं तरी पुरे : आकड्याच्या आधी ‘एन’ दिसला की तो साध्या कामांचा प्रोसेसर. २०२३च्या अखेरीपासून इंटेलने नव्या नावांतून ‘आय’ काढून नुसतं ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ असं लिहायला सुरुवात केली. तिथेही पुढचा पूर्ण क्रमांक वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

एएमडीच्या बाबतीत तर एका आकड्याने चित्र पालटतं. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दुकानात दोघांनाही ‘रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सीरिज’ म्हणतात. या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मधला ‘२’ म्हणजे झेन २, मूळ २०१९ची रचना; कोअर चार, ग्राफिक्सचे घटक फक्त दोन. ७५३०यू मधला ‘३’ म्हणजे झेन ३; कोअर सहा, ग्राफिक्सचे घटक सात. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ जातीची रॅम घेतो आणि ती बोर्डावर सोल्डर केलेलीच येते. म्हणजे आठ जीबीचा घेतला, तर शेवटपर्यंत आठच. दोघांच्या किमतीत दोन-चार हजारांचाच फरक असेल, तर ७५३०यू घ्यावा, यात शंका ठेवायचं कारण नाही.

आठ जीबी पुरते का? विंडोज ११ची किमान अट चार जीबीची आहे, पण तेवढ्यात लॅपटॉप फक्त सुरू होतो. ब्राउझरचे सात-आठ टॅब, त्यात एक यूट्यूबचा धडा, शेजारी वर्ड, मागे अँटिव्हायरस, आणि ग्राफिक्सने घेतलेला हिस्सा : आठ जीबी तिथेच भरत येते. खेळासह वापरायचा तर सोळा हवी. पूर्वी सल्ला सोपा होता : आत्ता आठ घ्या, वर्षभराने स्वस्तात दुसरी स्टिक टाका. २०२५च्या अखेरीस हे गणित बदललं. एआयच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. मायक्रॉन या मोठ्या उत्पादकाने डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे आता दुकानातच दोन्ही भाव एकत्र विचारावेत : तयार सोळा जीबीचा लॅपटॉप केवढ्याला, आणि आठ जीबीचा अधिक एक स्टिक केवढ्याला. जो हिशेब कमी भरेल तो घ्यावा. दुसरी स्टिक दुकानदाराकडूनच बसवून घेतली तर वॉरंटी कायम राहील, असं त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यावं.

खेळ कोणते, हे मुलांना आधीच विचारलेलं बरं. अनेक घरांत पहिलं नाव येतं बीजीएमआयचं. तो मोबाइलचा खेळ आहे. लॅपटॉपसाठी कंपनीने तो काढलेलाच नाही. त्यासाठी लॅपटॉप घेणं व्यर्थ. व्हॅलोरंट मात्र साध्या यंत्रावरही चालावा असाच बनवलेला आहे. त्याच्या किमान अटींमध्ये इंटेल एचडी ४००० म्हणजे २०१२च्या सुमाराचं ग्राफिक्स आणि चार जीबी रॅम एवढंच आहे. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स आणि २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए ५ हेही कमी सेटिंगवर, ७२० ओळींच्या चित्रावर, दोन स्टिकच्या लॅपटॉपवर खेळता येतात. काउंटर-स्ट्राइक २ला मात्र आठ जीबी रॅम आणि डिस्कवर ८५ जीबी मोकळी जागा लागते. आणि खेळांचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ मुलांना जरूर दाखवावा. आपल्या पुराणकथांवर, आपल्याच शहरात बसून असा खेळ तयार होतो, हे त्यांना कळायला हवं. खेळ बनवणं हेही शिकण्यासारखं काम आहे, आणि स्क्रॅच किंवा पायथनमध्ये पहिला छोटा खेळ लिहायला याच किमतीचा लॅपटॉप पुरतो.

आरटीएक्स २०५० किंवा ३०५० असं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेले लॅपटॉप याच्या वरच्या किमतीत सुरू होतात. ते वजनाला जड, चार्जर मोठा, आणि बॅटरी लवकर संपते. शाळेच्या दप्तरातून रोज न्यायचं यंत्र म्हणून ते गैरसोयीचे आहेत. हलक्याफुलक्या खेळासाठी त्यांची गरज नाही.

पडद्यावर मात्र पैसे वाचवू नयेत. मूल खेळणार तासभर, पण वाचणार चार-चार तास. १३६६ बाय ७६८चा पडदा अजूनही स्वस्त मॉडेलांत दिसतो; १९२० बाय १०८०च्या पडद्यावर त्याच्या जवळपास दुप्पट ठिपके असतात आणि पीडीएफमधली जोडाक्षरं, गणितातले घातांक स्पष्ट दिसतात. दुकानात लॅपटॉपसमोरून बाजूला सरकून पाहावं. रंग उलटेपालटे झाले तर तो टीएन पॅनेल, तसेच राहिले तर आयपीएस. आयपीएसच घ्यावा.

साठवणुकीत ‘ईएमएमसी’ हा शब्द दिसला तर पुढच्या मॉडेलकडे वळावं. ती बोर्डावर जोडलेली, संथ आणि बदलता न येणारी असते. एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबीची असावी. विंडोज ती ४७६ जीबी म्हणून दाखवतो. त्यात फसवणूक नाही, मोजायची रीत वेगळी आहे.

बॅटरीचा हिशेब वॅट-अवरमध्ये करावा. ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि वाचन-टायपिंगला आठ वॅट लागत असतील, तर पाच तास मिळतात. खेळताना हाच खर्च पंचवीस वॅटच्या घरात जातो आणि दीड तासात लॅपटॉप बंद पडायला येतो. ज्या गावांत संध्याकाळी वीज जाते, तिथे खेळ की उद्याचा प्रकल्प, हे आधीच ठरवायला हवं.

वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जाणं शक्य नसलेल्या घरांनी नवा, अगदी दुबळा लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांमधून निघालेला जुना, चांगल्या जातीचा घ्यावा, असं स्पष्ट सांगावंसं वाटतं. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ ही तिन्ही २०१८च्या आसपासची, बहुतेक करून आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची यंत्रं. तिघांतही रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०एस हा नावाने जुळा वाटला तरी त्यात थोडी रॅम सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच आहे. आठवी पिढी ही इथली लक्ष्मणरेषा समजावी. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनच चालतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ टाकून विकणारे भेटतात. त्यात टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू नसतील, तर विंडोज ११वर व्हॅलोरंट सुरूच होत नाही.

जुना लॅपटॉप घेताना दोन तपासण्या दुकानातच कराव्यात. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना बायोसमध्ये शिरून पाहावं. पासवर्ड मागितला, तर आधीच्या कंपनीचं कुलूप अजून लागलेलं आहे, तो घेऊ नये. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत द्यावा. तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आजची क्षमता निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच भाव बोलावा.

बिलाचं शेवटी. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. चाळीस हजारांच्या किमतीत सुमारे ६,१०० रुपये कराचे असतात. “बिल नको असेल तर कमी करतो,” असं कुणी म्हणालं तरी तो सौदा करू नये. पक्क्या बिलावर मॉडेल आणि सीरियल क्रमांक लिहून घ्यावा, तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून चालू झाली हे दुकानातच पाहावं. तारीख चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर खोकं उघडण्याआधीच दुसरं मागता येतं.

पुढच्या आठवड्यात : शाळेच्या प्रकल्पांसाठी प्रिंटर, इंक टँक की लेझर.