बंदूक काहून विकता?

आमच्या पांढरकवड्याकडे ‘भाऊ, काहून विकता?’ हे विचारल्याशिवाय बैलाचाही इसार कुणी देत नाही. मग जुनी बारा बोअरची बंदूक घेताना मी कसा गप्प राहणार? रोही-रानडुकरांपासून पीक राखायला काकांनी ती घेतलेली. म्हणाले, “मोतीबिंदू झाला, पोरगा पुण्यात.”

उत्तर पटलं. पण मंडळी, तेवढ्यानं भागत नाही. कुणी म्हणेल, २०१९च्या दुरुस्तीनं साधारणपणे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून तिसरी काढली. तेही खरं असू शकतं. ‘वडील वारले, घरी पडून आहे’ म्हटलं, की मात्र कान टवकारावेत. परवाना बंदुकीसोबत वारशानं येत नाही. वारसानं आधी ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. म्हणून परवाना कुणाच्या नावावर, हे पाहावं, बंदुकीवरचा क्रमांक त्याच्याशी ताडावा. आपलाही परवाना हवाच.

शिवाय विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं. काकांनी अर्ज दिलाय. तोवर बंदूक त्यांच्याच घरी.