अख्खी गाठ पाठवा

पहाटे ५.१५

मीरा रोडच्या पूनम सागरमधून स्टेशनला जायला या वेळी शेअर रिक्षा असते, पण तिसरी सवारी येईपर्यंत रिक्षावाला हलत नाही. शेवटी मीच म्हणते, तिसरीचे पैसे मी देते, चला. परळच्या लॅबमधलं मशीन रात्रभर चालून सकाळी थांबतं, आणि त्यानंतर टिश्यू गरम मेणात जास्त वेळ राहिला तर ठिसूळ होतो. हे रिक्षावाल्याला काय सांगणार!

मी हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो आणि काचेवरचा गुलाबी-जांभळा पापुद्रा होऊन डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली जातो. मधलं काम आमचं. रिपोर्टवर सही आमची नसते, आणि ते बरोबरच आहे.

५.४५

भाईंदरहून सुटणारी लोकल मीरा रोडला येते तेव्हा खिडकी मिळते. दहिसरपर्यंत मिठागरं, मग पुढे झोप. आज झोप नाही, कारण खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा मेसेज आलाय. त्यांच्या भाच्याच्या मानेत दोन महिन्यांपासून गाठ आहे. सुई घालून तपासली, नक्की काही कळलं नाही. डॉक्टर म्हणतात टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू. "ताई, घ्याव्या का गोळ्या?"

मी डॉक्टर नाही, हे त्यांना माहीत आहे आणि तरी त्या विचारतात. मी एवढंच लिहिलं, "आधी विचारा, अख्खी गाठ काढून बायोप्सी करता येईल का. रात्री भेटते."

आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की पहिला संशय टीबीचा. तो चुकीचाही नाही, कारण बहुतेक वेळा टीबीच निघतो. पण संशयावर महिनोन्महिने गोळ्या चालतात, गाठ थोडी कमी झाल्यासारखी वाटते, पुन्हा वाढते, आणि मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं की हा हॉजकिन लिम्फोमा आहे. लसीका ग्रंथींचा कॅन्सर, आणि तोही असा, की लवकर सापडला तर दहांतले नऊच्या आसपास रुग्ण बरे होतात.

७.००

मशीन उघडलं. रात्री फॉर्मालिन, मग चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, मग झायलीन, शेवटी वितळलेलं मेण, असा प्रवास करून कॅसेट तयार आहेत. टिश्यूतलं पाणी काढून त्या जागी मेण बसवायचं, एवढाच या रात्रीचा उद्देश. चिमट्याने तुकडा साच्यात नीट बसवायचा, वर मेण ओतायचं, थंड करायचं. हा झाला ब्लॉक.

८.००

मायक्रोटोमवर बसले. बाकीच्या टिश्यूचे काप चार मायक्रॉनचे चालतात; गाठीचा असेल तर मी तीनवर येते, कारण लिम्फ नोडमध्ये पेशी इतक्या दाटीवाटीने असतात की काप जाड झाला तर एकीचं केंद्रक दुसरीवर चढलेलं दिसतं. पावसाळ्यात मेण मऊ पडतं, म्हणून ब्लॉक आधी बर्फावर ठेवायचे. पात्यावरून रिबन सुटते, ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती मोडायची आणि काच खालून घालून उचलायची. याला हात लागतो. पुस्तक वाचून येत नाही.

थॉमस हॉजकिनकडे यातलं काहीच नव्हतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये मृतदेह तपासताना त्याने फुगलेल्या ग्रंथी आणि प्लीहा नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या आणि 1832 मध्ये सात रुग्णांवर निबंध वाचला. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1865 मध्ये सॅम्युअल विल्क्सने त्याचं श्रेय मान्य करून आजाराला त्याचं नाव दिलं. मला यातला सर्वात आवडणारा भाग पुढचा आहे. गाय्जच्या संग्रहालयाने त्या मूळ ग्रंथींपैकी काही जपून ठेवल्या होत्या. 1926 मध्ये त्यांचे काप काढून मायक्रोस्कोपखाली पाहिले, आणि त्यांतल्या काहींत खरोखरच हाच आजार होता. जवळजवळ शंभर वर्षांनी निदान पक्कं झालं, ते कुणीतरी बरण्या फेकून दिल्या नाहीत म्हणून.

१०.००

स्लाइड रंगून बाहेर आल्या. आमच्या मॅडम चांगल्या आहेत. काही खास दिसलं की हाक मारतात. आज मारली. दुसऱ्या आयपीसवरून पाहिलं तर लहान, काळपट लिम्फोसाइटच्या गर्दीत एक भलीमोठी पेशी, तिला दोन केंद्रकं आणि प्रत्येकात एक ठळक लाल ठिपका, घुबडाच्या डोळ्यांसारखी थेट बघणारी. रीड-स्टर्नबर्ग पेशी.

या आजाराची खोड इथेच आहे. गाठीत कॅन्सरची खरी पेशी शंभरात एखादी. बाकीच्या सगळ्या लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी तिने जमवलेल्या, स्वतः निर्दोष. सुईने थोडंसं ओढून घेतलं तर गर्दी हाती येते आणि गुन्हेगार निसटतो. म्हणूनच सुईच्या रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही, याचा अर्थ काही नाही असा होत नाही.

व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गने 1898 मध्ये या पेशींचं वर्णन केलं, पण त्याला वाटलं की हा टीबीचाच एक निराळा प्रकार असावा. 1902 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टर बाईने नीट चित्रं काढून दाखवलं की नाही, हा टीबी नव्हे, आजारच वेगळा आहे. तो वाद शास्त्रात कधीच संपला. मीरा रोडच्या दवाखान्यांत अजून रोज नव्याने सुरू होतो.

११.३०

नवे नमुने आले. वसई, पालघर, भाईंदर इथल्या नर्सिंग होममधून येणारी ही वेळ. एका डबीत गाठ आहे, पण डबी छोटी आणि गाठ मोठी, फॉर्मालिन तळाला जेमतेम. फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहापट हवं, आणि ते आत शिरतं तासाला मिलिमीटरभर. अख्खी गाठ न कापता टाकली, तर बाहेरून पक्की आणि आतून सडलेली अशी आमच्याकडे पोचते.

दुसऱ्या डबीवर टीबीची कल्चर करा असं लिहिलंय आणि आत फॉर्मालिन! फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, कल्चर कशाची करणार? गाठ काढल्यावर तिथेच एक तुकडा सलाइनमध्ये टीबीसाठी आणि उरलेली फॉर्मालिनमध्ये बायोप्सीसाठी, एवढं थिएटरमधल्या सिस्टरला सांगितलेलं असलं की सगळे प्रश्न सुटतात. दोन्ही तपासण्या लागतातच, कारण हॉजकिनच्या गाठीतही टीबीसारखे ग्रॅन्युलोमा दिसू शकतात, आणि एकाच माणसाला दोन्ही आजार असूही शकतात.

१.१५

डबा खाऊन डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर एक फेरी. टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर बीड, गोंदिया, बिहार, बंगाल, सगळीकडची माणसं चटया टाकून असतात. हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्यांच्यामागे पती दोराबजींना असं काही इथे व्हावंसं वाटलं. सुरुवातीपासून तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते, आमच्याच शाखेचे, पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या आणि त्यांनी पुढे मुंबईत पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. आम्ही परळचे टेक्निशियन स्वतःला त्या घराण्यातले समजतो. त्यांनी आम्हाला समजलं असतं की नाही, देव जाणे.

२.३०

दुपार इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची. सकाळच्या घुबडाचे आणखी काप काढून त्यांच्यावर वेगवेगळी प्रतिद्रव्यं सोडायची आणि कुठे तपकिरी रंग उमटतो ते बघायचं. सीडी 30 उमटलं, सीडी 15 उमटलं, पॅक्स 5 फिकट. क्लासिकल हॉजकिन. सीडी 20 ठळक आलं असतं तर विचार दुसरीकडे वळला असता. सीडी 30 तर अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमातही येतं. या आजाराची भावकी मोठी आहे आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून एका रंगावर कुणी रिपोर्ट देत नाही.

ही पेशी मुळात कोण, हेही फार उशिरा कळलं. 1994 मध्ये जर्मनीत राल्फ क्यूपर्स आणि सहकाऱ्यांनी कापावरून एकेक पेशी वेगळी उचलून तिचे जनुक वाचले आणि सिद्ध केलं की ती बी-लिम्फोसाइटचीच बिघडलेली मुलगी. बी-पेशीच्या खुणा मात्र तिने बहुतेक टाकून दिलेल्या असतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, 2023 मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार 19 या उपचाराचा नेम सीडी 19 या खुणेवर असतो. म्हणून तो इतर बी-पेशी लिम्फोमांत चालतो, हॉजकिनला नाही. शेजारच्यांनी वर्तमानपत्र दाखवून विचारलं की हे सांगावं लागतं.

शेवटची स्लाइड एलएमपी 1 ची, म्हणजे एप्स्टीन-बार विषाणूसाठी. तीही तपकिरी. आपल्याकडच्या हॉजकिनमध्ये, विशेषतः मुलांमध्ये, हा विषाणू पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त सापडतो. टाटा मेमोरियलचे डॉ. के. एन. नरेश आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं की विषाणू सापडलेल्या रुग्णांची जगण्याची शक्यता उलट अधिक होती. ते काम झालं रुग्णालयात ठेवलेल्या जुन्या ब्लॉकवर, माझ्यासारख्याच कुणीतरी वर्षांपूर्वी साच्यात बसवलेल्या तुकड्यांवर.

४.३०

ब्लॉक नंबरवार कपाटात. हे काम कुणाला आवडत नाही, नव्या मुलींना तर मुळीच नाही. त्यांना मी टाटाच्याच दुसऱ्या अभ्यासाची गोष्ट सांगते. 1993 ते 1996 मध्ये तिथे हॉजकिनच्या 251 रुग्णांना एबीव्हीडी या चार औषधांचे सहा कोर्स दिले. 179 जणांचा आजार पूर्ण गेला. मग चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले: एकाला वरून रेडिएशन, दुसऱ्यावर नुसती नजर. आठ वर्षांच्या हिशेबाने रेडिएशनच्या गटात 88 टक्के लोक आजार न उलटता राहिले, दुसऱ्यात 76; जिवंत राहण्याचं प्रमाण 100 आणि 89. डॉ. सिद्धार्थ लास्कर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हे छापलं आणि जगभर त्यावर वाद झाले. पुढे पेट स्कॅनमुळे रेडिएशन कुणाला टाळता येईल हे जास्त नेमकं ठरवता येऊ लागलं, तो वेगळा विषय. मुद्दा असा, की हे आकडे प्रयोगशाळेतल्या यंत्राने काढलेले नाहीत. बरं वाटल्यावरही वर्षानुवर्षं परळला तपासणीला येत राहिलेल्या माणसांनी ते दिलेत.

६.२०

दादर. विरार फास्टमध्ये चढायचा मोह आवरायचा. मीरा रोडची बाई विरार गाडीत दिसली की आतल्या बायका जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. भाईंदर गाडी, बोरिवलीपर्यंत उभी.

८.३०

वहिनींकडे. भाचा बावीस वर्षांचा, रात्री घामाने कपडे भिजतात, वजन उतरलंय. त्याच्या आईला मी सकाळचंच पुन्हा सांगितलं आणि सर्जनची चिठ्ठी घ्यायला लावली. गॅलरीत सदाफुली होती. वहिनी म्हणाल्या, "हिची पानं खाल्ली तर गाठ जाते म्हणे?" हे मात्र ठासून सांगितलं: एबीव्हीडीतलं विनब्लास्टिन याच झाडातून मिळालं, पण पानात ते अगदी कणभर आणि सोबत विषारी भाऊबंद भरपूर. पानं खाऊन रोग जात नाही, पोट आणि वेळ जातो.

आता वाचणाऱ्यांना. मान, काख किंवा जांघेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवा. सुईत कळलं नाही तर अख्ख्या गाठीची बायोप्सी मागा. लॅबने दिलेले ब्लॉक आणि स्लाइड औषधांच्या बिलांसारखे फेकू नका, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. मोठ्या रुग्णालयात जाल तेव्हा तेच पहिल्यांदा मागतील. बरे झालात, फोन नंबर बदललात, तर रुग्णालयाच्या फाइलमध्ये नवा नंबर लिहून या.