डेटाबेस परत आणताना

ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या सेवेत डेटाबेसचा बॅकअप रोज आपोआप होतो, म्हणून मंडळी निर्धास्त असतात. तो किती दिवस ठेवायचा, हा सेटिंगमधला आकडा मात्र एकदा उघडून बघावा. जास्तीत जास्त ३५ दिवस. शून्य असेल तर बॅकअप बंदच.

रोजच्या प्रतीशिवाय बदलांच्या नोंदी दर ५ मिनिटांनी वेगळ्या साठवणीत जातात. या दोहोंच्या जोरावर मुदतीतल्या हव्या त्या सेकंदाला मागे जाता येतं. समजा, दुपारी ३.१२ ला कुणी डिलीटची कमांड चालवली आणि ‘व्हेअर’ची अट लिहायची राहिली. ऑर्डरींचं अख्खं टेबल साफ! मग ३.११ ची वेळ द्यायची. कमांड लाइनवरून मात्र यूटीसीत, म्हणजे सकाळचे ९.४१.

नवखे फसतात ते यानंतर. जुना डेटाबेस जागच्या जागी पूर्ववत होत नाही. शेजारी नवा उभा राहतो आणि त्याचा पत्ताही नवा असतो. ३.१२ नंतर आलेल्या ऑर्डरी जुन्यातच राहतात. त्यामुळे एकच टेबल गेलं असेल, तर नव्यातून तेवढंच उचलून जुन्यात आणणं बरं.

डेटाबेसच डिलीट केला, तर आपोआप झालेले बॅकअप, मुद्दाम राखायला सांगितलं नसेल तर, त्याच्यासोबत जातात. हाताने घेतलेला स्नॅपशॉट उरतो (त्याचं बिलही).

आणखी एक. नवा डेटाबेस ‘उपलब्ध’ दिसू लागला, तरी डेटा मागून येतच असतो. सुरुवातीच्या क्वेरी रखडल्या, तर घाबरून सगळं पुन्हा सुरू करू नये.