‘शिकागो डिफेंडर’ आणि तबकडीवरचें गाणें

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या ‘ब्लूज’ व ‘जाझ’ या संगीतप्रकारांचीं नांवें आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं सहज येतात. परंतु ज्या वृत्तपत्रांच्या आश्रयानें हें संगीत घरोघर पोंचलें, त्यांची ओळख फारच थोड्यांस असते. त्यांपैकीं एका पत्राची व त्याच्या एका धाकट्या सोबत्याची हकीकत येथें वाचकांपुढें ठेवितों.

रॉबर्ट अ‍ॅबट हा जॉर्जिया संस्थानांत जन्मला. तो मुद्रणकला शिकला, १८९९ सालीं कायद्याची पदवीही त्यानें मिळविली. पण कातडीच्या रंगामुळें वकिली चालेना. तेव्हां ५ मे १९०५ रोजीं शिकागो शहरीं, घरमालकिणीच्या घरांतील एका खोलींत बसून त्यानें ‘शिकागो डिफेंडर’ हें साप्ताहिक काढलें. भांडवल पंचवीस सेंट आणि प्रती तीनशें! पुढील पंधरा वर्षांत खप लाखावर गेला, आणि बहुतेक वाचक शिकागोबाहेरचे होते.

हे बाहेरचे वाचक मुख्यतः दक्षिणेंतले, आणि त्यांच्यापर्यंत अंक पोंचविणें सोपें नव्हतें. जमावानें कृष्णवर्णीय माणसास पकडून झाडास टांगावें, आणि पुष्कळ गोऱ्या पत्रांनीं त्याची वासलात दोन ओळींत लावावी, असा तो काळ. ‘डिफेंडर’ अशा बातम्या मोठ्या मथळ्यांनीं छापी. म्हणून कित्येक गांवीं त्याच्या विक्रीस बंदी झाली. यावर अ‍ॅबटनें काढलेली तोड मोठी मार्मिक होती. पुलमन कंपनीच्या शयनगाड्यांत उतारूंची सेवा करणारे पोर्टर बहुतेक कृष्णवर्णीयच असत. ते शिकागोस गठ्ठे उचलीत आणि दक्षिणेंत गेल्यावर ठरल्या ठिकाणीं, कधीं धांवत्या गाडींतूनच, खालीं टाकीत. गांवोगांव फिरणाऱ्या गायक-नटांच्या मंडळ्याही आपल्या सामानांतून अंक नेत. मग न्हाव्याच्या दुकानांत एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें. १९१७ च्या सुमारास हें पत्र वाचकांस उत्तरेकडे येण्याचा उघड उपदेश करूं लागलें. १९१० सालीं शिकागोंत सुमारें ४४ हजार कृष्णवर्णीय होते, ते १९२० सालीं १ लाख ९ हजारांवर गेले. याचें सगळें श्रेय एका पत्रास देणें अतिशयोक्तीचें होईल. युद्धामुळें उत्तरेंतल्या कारखान्यांस मजुरांची वाण पडली होती, आणि दक्षिणेंत कापसास कीड लागली होती. पण जावें कोठें, हें सांगणारें कोणी तरी हवें होतें.

याच वाटेनें गाणें गेलें. ऑगस्ट १९२० मध्यें मेमी स्मिथ या गायिकेनें ‘ओके’ कंपनीसाठीं ‘क्रेझी ब्लूज’ हें गीत गाइलें. कृष्णवर्णीय स्त्रीचें ब्लूज विकत घेणार कोण, अशी तोंवर कंपन्यांची समजूत. तबकडी मात्र हजारोंनीं खपली. पुढें विस्कॉन्सिनमधील खुर्च्या बनविणाऱ्या एका कारखान्यानें ‘पॅरामाउंट’ नांवाच्या तबकड्या काढून मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या गाण्यांच्या सचित्र जाहिराती ‘डिफेंडर’मध्यें देण्यास आरंभ केला. जेथें दुकान नाहीं अशा खेड्यांतील शेतमजुरानें जाहिरातींतील कूपन कापून पाठवावें, आणि टपालानें तबकडी घरीं यावी. गंमत अशी कीं, त्याच पत्रांत १९२५ पासून डेव्ह पेटन हा संगीतलेखक वादकांस शिस्तीचे धडे देई आणि अभिजात वळणाच्या वादनाचा पुरस्कार करी. लेखांत उपदेश आणि जाहिरातींत ब्लूज! आपल्याकडील मासिकांच्या जुन्या फायली चाळणाऱ्यास हा प्रकार अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. आज मात्र अभ्यासकांस त्या उपदेशाहून जाहिरातीच अधिक मोलाच्या वाटतात. कारण पॅरामाउंटच्या कांहीं तबकड्यांची एकही प्रत अद्याप सांपडलेली नाहीं.

धाकटा सोबती म्हणजे ‘जेट’ साप्ताहिक. जॉन जॉन्सन यानें १९४२ सालीं आईचें घरांतलें सामान गहाण ठेवून पांचशें डॉलर उभे केले व एक मासिक काढलें. त्यांतून १९४५ सालीं ‘एबनी’ आणि १९५१ सालीं ‘जेट’ निघालें. ‘जेट’ तळहाताएवढें, गायक-नटींच्या चित्रांनीं भरलेलें; गंभीर गृहस्थानें हातीं धरावें असें नव्हे. परंतु ऑगस्ट १९५५ मध्यें एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा मिसिसिपींत क्रूर वध झाला, आणि त्याच्या आईनें, लेकराचें काय केलें तें लोकांनीं पाहावें म्हणून, शवपेटी उघडी ठेविली. तें छिन्नविच्छिन्न मुख छापण्याचें धैर्य या चिमुकल्या पत्रानें दाखविलें. गोऱ्या पंचांनीं आरोपींस सोडून दिलें; चित्र मात्र घरोघर पोंचलें होतें.

‘जेट’चा नियमित छापील अंक २०१४ सालीं थांबला. ‘डिफेंडर’ १० जुलै २०१९ रोजीं शेवटचा छापला गेला. तेव्हांपासून तो पडद्यावरच वाचावा लागतो. योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत, दिवाळें निघालेल्या जॉन्सनच्या कंपनीच्या संग्रहांतील चाळीस लाखांहून अधिक छायाचित्रें व निगेटिव्हें लिलावास आलीं. देणेकऱ्यांच्या दृष्टीनें तो एक माल होता, कोणीही धनिकानें उचलून कुलुपांत घालावा असा. चार धर्मादाय संस्थांनीं मिळून तीन कोटी डॉलर मोजले व तो संग्रह वॉशिंग्टनचें स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालय व लॉस एंजेलिसची गेटी संस्था यांच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें.